नव्या कडीचं वय

नागपूरच्या महाल भागातला एखादा जुना वाडा उतरतो तेव्हा सागवानी खांब आणि चौकटी हातोहात विकल्या जातात; कड्या-कोयंडे भंगाराच्या तराजूत जातात. पुढे तीच चौकट शहराबाहेरच्या बंगल्यात उभी राहते, तिच्यावर चकचकीत पितळ डोळ्यांत खुपतं आणि घरमालक माझ्याकडे येतो. नवा माल जुना करून देणं हे माझं काम.

"थोडं हिरवं करून द्या ना भाऊ," ही हमखास मागणी. मी नाही म्हणतो. तो हिरवा रंग ओल्या, खाऱ्या हवेचा. न्यूयॉर्कच्या बंदरातला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा १८८६ साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता. पाऊस आणि समुद्राचा वारा खात तो हिरवा व्हायला वीसेक वर्षं लागली. आपल्याकडे नवतपाच्या कोरड्या उन्हात नाकातून रक्त येतं. इथलं पितळ आधी तपकिरी होतं, मग काळपट. नागपूरच्या दारावर हिरवी कडी म्हणजे उसना इतिहास.

तपकिरीसाठी मी लिकर अमोनिया वापरतो. पितळेवरचं लॅकर थिनरने काढायचं, बोटांचं तेलही लागू द्यायचं नाही, आणि झाकणाच्या ड्रमात वस्तू तारेला टांगायची. तळाशी वाटीभर अमोनिया; वाफ पुरते. हे उघड्यावरच करायचं, खोलीत नाही. पण अमोनियाला एक खोड आहे. इंग्रजी अमदानीत हिंदुस्थानातल्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पागेजवळ ठेवली की आपोआप चिरत. दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया हे त्याचं कारण १९२१ साली नीट उलगडलं: पत्रा थंडच दाबून आकार दिला की पितळेच्या अंगात ताण राहून जातो, आणि अमोनिया नेमका तिथेच घाव घालतो. म्हणून पत्रा दाबून केलेल्या स्वस्त बिजागऱ्या मी ड्रमात घालत नाही. ओतीव पितळ घ्या म्हणतो. महाग पडतं, पण दार उद्या हातात येत नाही.

लोखंडाला मीठ-व्हिनेगर लावून गंज चढवणारे पुष्कळ आहेत. मला तो प्रकार आवडत नाही. गंज थांबत नाही, पहिल्याच पावसात भिंतीवर ओघळतो. मी लोखंड तापवतो आणि जवसाचं तेल पुसतो. धूर होतो, पण काळा थर असा बसतो की हाताला लागत नाही. जवस आपल्याच विदर्भाचं पीक, तेव्हा बाहेरून काही आणावं लागत नाही. तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. त्या काडी न लावता पेटतात.

रंग चढला म्हणजे वय चढलं असं नाही. बाजारातला 'अँटिक' माल लगेच ओळखू येतो, कारण तो सगळीकडे सारखा म्हातारा असतो. खरी कडी आतल्या कडेला उजळ असते, जिथे बोट अडकतं. कोयंड्यावर आपटते तिथे चपटी झालेली असते. आणि नक्षीच्या खाचांत, जिथे चिंचेचा हात कधी पोचलाच नाही, काळीकुट्ट असते. बिजागरी झिजते ती नळीत, पात्यांवर नाही. म्हणून मी कडी आधी दाराला लावतो आणि घरच्यांनाच उघडझाप करायला सांगतो. बोटं पडतात तिथे खडूची खूण, मग तेवढ्याच जागी स्टीलवूल. डावखुऱ्या माणसाच्या खोलीची कडी वेगळी होते. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण मला ते केल्याशिवाय राहवत नाही.

आणि स्क्रू! कडी पेशवाईतली वाटावी आणि तिला धरून अधिकच्या खुणेचा स्क्रू, जो १९३०च्या दशकात बाजारात आला. एका आडव्या खाचेचे स्क्रू इतवारीत लोहा ओळीला अजून मिळतात. थोडी पायपीट करायची तयारी हवी.

लाकडाला टेकणाऱ्या मागच्या अंगावर मी चालू साल ठोकतो. एक व्यापारी म्हणाला, साल तेवढं नको, विकायला अडचण होते. त्याला मी तोच माल चकचकीत दिला.