पासंग

जुन्या वाण्याच्या दुकानात रिकामी पारडी समतोल आहेत की नाहीत, हे पाहिल्यावाचून शहाणे गिऱ्हाईक माल घेत नसे. एक पारडे झुकलेच, तर वाणी दुसऱ्या बाजूस एखादा खडा बांधून ते सारखे करी. त्या खड्यासच पासंग म्हणत. सायकलीवर बसणाऱ्यासही पासंग पाहावा लागतो, हे उमगावयास आम्हांस पन्नाशी गाठावी लागली.

गतवर्षी आम्ही सायकलीच्या क्रँकमध्ये शक्तिमापक, म्हणजे पॉवर मीटर, बसवून घेतला. ज्या यंत्रासाठी उलरिख शोबेरर या जर्मन अभियंत्याने १९८६ साली कारखाना काढला, त्याच जातीचे हे यंत्र. क्रँकच्या धातूस एक अतिसूक्ष्म जाळी चिकटविलेली असते. पायाचा भार पडला की क्रँक डोळ्यांस न दिसेल इतका वाकतो, जाळी ताणली जाते व तिचा विद्युत्-रोध बदलतो. त्यावरून फिरविणारे बळ, म्हणजे टॉर्क, कळते. त्यास फिरण्याच्या वेगाने गुणिले की वॅट मिळतात.

सिंहगडाच्या चढावर आमचा आकडा २०० वॅट भरू लागला, तेव्हा आमचा आनंद गगनात मावेना. धाकट्या बंधूंच्या यंत्रावर मात्र १८५ च्या वर काही दिसेना. वास्तविक आम्हा दोघांचे वजन सारखे, सायकली सारख्या, आणि गडाच्या वाहनतळावर आम्ही पोहोचतोही बरोबरच. अशा चढावर बहुतेक शक्ती वजन वर नेण्यातच खर्च होते. तेव्हा दोन आकड्यांपैकी एक खोटा, हे शाळकरी पोरासही कळावे. आम्हांस कळले नाही, कारण कळून घ्यावयाचे नव्हते. उलट, 'तुझी मेहनत कमी पडते,' असा उपदेश आम्ही त्यास केला. त्या भोळ्या जीवाने तो मनावर घेऊन दोन महिने पहाटे साडेचारला उठून जादा सराव केला.

शेवटी तोच म्हणाला, "दादा, एकदा वजन टांगून पाहू या का?"

ओळखीच्या धान्यव्यापाऱ्याकडून वीस किलोचे, सरकारी शिक्क्याचे लोखंडी वजन आणले. सायकली अर्धा तास अंगणात ठेविल्या. कारण थंडी-उष्णतेने धातू आकसतो व प्रसरतो, आणि त्याबरोबर यंत्राचे शून्यही सरकते. मग पॅडलवर कोणाचाही पाय नसताना, क्रँक सांगितल्या स्थितीत स्थिर धरून, शून्य नोंदविले. त्यानंतर क्रँक गवंड्याच्या पाणसळीने आडवा केला, मागचा ब्रेक आवळला व पॅडलच्या दांडीस वजन टांगले. क्रँकची लांबी १७० मिलिमीटर. म्हणजे २० गुणिले ९.८१ गुणिले ०.१७०, सुमारे ३३.४ न्यूटन-मीटर यावयास हवे. बंधूंच्या यंत्राने बरोबर तितकेच दाखविले. आमच्याने दाखविले ३६!

आम्ही प्रथम वजनाविषयीच शंका काढली. शिक्का पाहिला, पाणसळ पुन्हा लाविली, दोर बदलला. आकडा ढळेना. शून्य बरोबर असूनही यंत्र प्रत्येक भारास सुमारे आठ टक्के चढवून सांगत होते. आमचे २०० वॅट म्हणजे खरोखर १८५च! यंत्राच्या मांडणीत ०.९३ चा गुणक भरला आणि ते खरे बोलू लागले.

यंत्र सुधारले, पण त्या दोन महिन्यांच्या पहाटा परत कोठून आणावयाच्या? आमच्या फुगलेल्या आकड्याचे भाडे बंधूंच्या झोपेने भरले होते. कमी दाखविणारे यंत्र आम्ही पहिल्याच दिवशी दुकानदाराच्या पुढ्यात नेऊन आदळले असते. जास्त दाखविणाऱ्यावर मात्र आमची अढळ श्रद्धा! पासंग पाहावयास गिऱ्हाइकाची नजर लागते. आम्ही वाणी आणि गिऱ्हाईक दोन्ही होऊन बसलो होतो.

बंधूंस आम्ही स्पष्ट सांगितले, की चूक आमची होती व उपदेश फुकटचा होता. ते हसले आणि म्हणाले, "असू दे दादा, पण उद्या साडेसहाला निघू." हल्ली निघण्यापूर्वी आम्ही प्रथम पाय खाली टेकतो, शून्य नोंदवितो, आणि मगच सायकलीवर बसतो.