महाराष्ट्राएवढा पोलंड

युरोपच्या सहलीला निघालेली आपली मंडळी लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि रोम पाहून परततात. पोलंडच्या वाटेला फारसे कुणी जात नाही. खरे तर युरोपातल्या देशांपैकी मराठी माणसाचे जुने आणि घरगुती नाते कोणाशी असेल, तर ते पोलंडशी. कोल्हापूरजवळच्या एका गावात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पाच हजारांच्या आसपास पोलिश माणसे जवळजवळ पाच वर्षे राहिली, हे आजच्या पिढीतल्या किती जणांना ठाऊक आहे? ती माणसे इथवर का आली, हे समजून घ्यायचे तर आधी त्यांचा देश समजून घ्यायला हवा.

सपाट भूमी, सात शेजारी

पोलंडचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाराष्ट्राएवढे. लोकसंख्या मात्र पावणेचार कोटींच्या घरात, म्हणजे २०११च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या सुमारे एक तृतीयांश. उत्तरेला बाल्टिक समुद्र, दक्षिणेला तात्रा पर्वत आणि या दोहोंच्या मध्ये सपाट मैदान. ‘पोल’ म्हणजे शेत. देशाच्या नावाची व्युत्पत्ती त्यावरूनच सांगितली जाते. दक्षिणेच्या डोंगरात उगम पावणारी विस्तुला नदी क्राकूव आणि वॉर्सा या जुन्या व नव्या राजधान्यांना भेटत १,०४७ किलोमीटर वाहते आणि बाल्टिकला मिळते.

राय, बटाटा, बीट आणि सफरचंद ही इथली नेहमीची पिके. हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो. मे ते सप्टेंबर हा काळ प्रवासाला उत्तम.

हे मैदान पोलंडचे भाग्य आणि दुर्भाग्यही. जमीन सुपीक, पण पूर्वेला आणि पश्चिमेला आडवा डोंगर नाही की मोठी खाडी नाही. सह्याद्रीच्या कड्यांवरचे किल्ले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. जर्मनी, चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया, युक्रेन, बेलारूस, लिथुआनिया आणि रशियाचा कॅलिनिनग्राड प्रांत, असे आज या देशाचे सात शेजारी आहेत. इतिहासात यांपैकी बलाढ्य शेजाऱ्यांच्या फौजा या मैदानातून कितीदा तरी आल्या आणि गेल्या.

१२३ वर्षे नकाशावर नसलेला देश

इ.स. ९६६ मध्ये मिएश्को या राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हापासून पोलंडचा लिखित इतिहास सुरू झाला असे मानतात. १३६४ मध्ये क्राकूवला विद्यापीठ स्थापन झाले. सूर्य पृथ्वीभोवती फिरत नसून पृथ्वीच सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकस हा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी. त्याचा ग्रंथ १५४३ मध्ये प्रसिद्ध झाला. १५६९ मध्ये पोलंड आणि लिथुआनिया यांचे एकत्र राज्य झाले आणि ते युरोपातल्या मोठ्या राज्यांत गणले जाऊ लागले. या राज्याची एक गंमत अशी, की इथला राजा सरदार मंडळी मतदानाने निवडत!

१६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याच वर्षी पोलंडमध्ये यान सोबिएस्की राजा म्हणून निवडला गेला. १६८३ मध्ये व्हिएन्नाला पडलेला तुर्कांचा वेढा उठवणारा सेनापती तो हाच. पण त्याच्यानंतर सरदारांची आपसातली भांडणे वाढली आणि शेजाऱ्यांनी संधी साधली. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन खेपांत सगळा पोलंड वाटून घेतला. खर्ड्याची लढाई जिंकून मराठे आनंदात होते त्याच वर्षी, १७९५ मध्ये, पोलंड हे नाव नकाशावरून पुसले गेले. ते पुन्हा उमटले ११ नोव्हेंबर १९१८ रोजी. मधली तब्बल १२३ वर्षे हा देश फक्त भाषेत, संगीतात आणि घराघरांतल्या रीतींत जगला.

शोपँसारखा संगीतकार याच काळातला. तो १८४९ मध्ये पॅरिसला वारला. त्याचे शरीर तिथे पुरले, पण हृदय बहिणीने वॉर्साला आणले. ते आजही तिथल्या एका चर्चच्या खांबात ठेवलेले आहे. मारी क्युरी वॉर्सातलीच. तिने १८९८ मध्ये शोधलेल्या मूलद्रव्याला ‘पोलोनियम’ नाव दिले, तेव्हा त्या नावाचा देश नकाशावर नव्हता!

वलिवड्याची पोलिश वसाहत

अवघी एकवीस वर्षे स्वातंत्र्य उपभोगले तोच १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत रशियाने पूर्वेकडून हल्ला केला. पूर्व भागातल्या लाखो पोलिश नागरिकांना १९४० पासून मालगाड्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आले. थंडी, उपासमार आणि सक्तीची मजुरी यांत कितीतरी मेले. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच चढाई केली, तेव्हा रशियाने या कैद्यांची सुटका केली. हजारो माणसे कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोहोचली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक. त्यांना ठेवायचे कुठे?

नवानगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. शेकडो मुले तिथे वाढली. ती महाराजांना ‘बापू’ म्हणत. त्याहून कितीतरी मोठी वसाहत १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात, शहराजवळच्या वलिवडे इथे उभी राहिली. पाचगणीच्या हवेत आजारी पोलिश मुलांसाठी आरोग्य शिबिरही होते.

वलिवड्याला लांबच लांब बराकी होत्या आणि त्यांत कुटुंबागणिक खोल्या. चर्च, शाळा, दवाखाना, नाट्यगृह असे एक छोटे पोलिश गावच पंचगंगेच्या खोऱ्यात वसले. शाळेत मुले पोलिश भाषा आणि पोलंडचा इतिहास शिकत, स्काउटचे मेळावे भरवत. बहुतेकींचे पती आणि भाऊ सैन्यात होते. यातली पोलिश पलटण इटलीत मोंते कासिनो इथे लढली आणि १८ मे १९४४ रोजी तिने तिथल्या उद्ध्वस्त मठावर झेंडा लावला. त्याच इटलीत जुलै १९४४ मध्ये मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला आणि प्राण दिले. एकाच युद्धभूमीवर कोल्हापूरकडचे जवान आणि वलिवड्याच्या घरांतली पोलिश मंडळी अशी दोन्हींची माणसे होती.

युद्ध संपले, पण परत जावे असे गाव अनेकांना उरलेच नव्हते. पूर्व पोलंड रशियाकडे गेला होता आणि उरलेल्या देशावर साम्यवादी राजवट आली होती. १९४८ पर्यंत वसाहत रिकामी झाली. काही मायदेशी, तर बरेच जण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा देशांत गेले. जे इथेच वारले, त्यांचे दफनस्थान कोल्हापुरात आहे. आणि गंमत पाहा, फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांना त्याच बराकींत आसरा मिळाला. आज कापडाच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच! एका देशाच्या निर्वासितांनी रिकामी केलेली घरे दुसऱ्या निर्वासितांच्या संसाराला कामी आली.

पोलिश लोक हे विसरलेले नाहीत. वॉर्सात एका चौकाला ‘भल्या महाराजांचा चौक’ असे जामसाहेबांच्या स्मरणार्थ नाव मिळाले. २०१७ मध्ये तिथेच, मोंते कासिनोच्या स्मारकाजवळ, कोल्हापूरच्या आदरातिथ्याची आठवण सांगणारे स्मारक उभे राहिले. २०१९ मध्ये लहानपण वलिवड्याला घालवलेली वयोवृद्ध मंडळी कोल्हापूरला येऊन गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी वॉर्सातल्या स्मारकाला भेट दिली.

औंधपासून रायपूरपर्यंत

पोलंडकडून आपल्याकडे आलेली माणसेही काही कमी नाहीत. वॉर्साचे अभियंता मॉरिस फ्रिडमन यांनी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पुत्र अप्पासाहेब यांना १९३९ च्या औंध संस्थानच्या स्वराज्य घटनेसाठी साहाय्य केले. पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांच्या मराठी निरूपणांचे इंग्रजी रूप त्यांनीच सिद्ध केले. ते पुस्तक १९७३ मध्ये निघाले आणि जगभर गेले.

आपल्यापैकी अनेकांचे आप्त छत्तीसगडात आहेत. रायपूर म्हटले की उरल्याच्या लोखंडाच्या कारखान्यांची नावे निघतात. पण त्याच रायपूरच्या दक्षिणेला, अभनपूरजवळच्या गातापार इथे ‘जीवोदय’ नावाचे कुष्ठरोग्यांचे केंद्र आहे. ते १९६९ मध्ये सुरू केले पोलिश धर्मगुरू आणि डॉक्टर फादर आदाम विश्निएव्स्की यांनी. त्यांच्या निधनानंतर १९८९ मध्ये पोलंडहून डॉ. हेलेना पिझ तिथे आल्या. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला आहे, तरीही त्यांनी तिथली रुग्णसेवा पुढे चालवली. घरातून टाकून दिलेल्या माणसांना पुन्हा घर देण्याचे हे काम आहे.

पाहावे काय?

वॉर्सापासून आरंभ करावा. १ ऑगस्ट १९४४ रोजी नागरिकांनी जर्मनांविरुद्ध उठाव केला. तो ६३ दिवस टिकला आणि त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीर उद्ध्वस्त केले. युद्धानंतर लोकांनी अठराव्या शतकातील चित्रकार बेलोत्तो याची चित्रे समोर ठेवून जुने गाव जसेच्या तसे पुन्हा बांधले. १९८० मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. ‘लाझिएन्की’ बागेत शोपँचा पुतळा आहे आणि उन्हाळ्यात रविवारी तिथे पियानोवादन ऐकायला मिळते, तेही विनामूल्य.

क्राकूव युद्धातून वाचले. त्याच्या चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारीची धून वाजते आणि मध्येच तुटते. तातारांचा हल्ला कळवणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, त्याची ती आठवण असे तिथे सांगतात. जवळच्या विएलिच्का येथील मिठाच्या खाणीत शंभर मीटर खाली चर्च आहे. मूर्ती आणि फरशी मिठाची, झुंबरेही मिठाच्या स्फटिकांची! मुले हरखून जातात. ऑशविट्झ मात्र वेगळे. तिथे सुमारे ११ लाख माणसे मारली गेली, त्यांतली बहुसंख्य ज्यू. चौदा वर्षांखालील मुलांना तिथे न आणण्याची सूचना असते, ती पाळावी. दक्षिणेला तात्रा पर्वतातले झाकोपाने आणि उत्तरेला ग्दान्स्क. अंबरच्या दागिन्यांसाठी आणि १९८० च्या ‘सॉलिडॅरिटी’ कामगार चळवळीसाठी हे शहर ओळखले जाते. त्याच चळवळीने पुढे १९८९ मध्ये देशाला लोकशाहीकडे नेले. आज पोलंड २००४ पासून युरोपीय संघात आहे. चलन मात्र ‘झ्लोती’. व्हिसा शेंगेनचा लागतो.

शाकाहारी प्रवाशांनी घाबरायचे कारण नाही. ‘मिल्क बार’ नावाच्या स्वस्त खानावळींत दूध, चीज, बटाटा, बीट यांचे पदार्थ मिळतात. बटाटा आणि चीज भरलेले ‘पिएरोगी’ हे उकडलेल्या करंज्यांचे भाऊबंद वाटतात. मात्र मांसाचे सारणही असते, तेव्हा मागवण्यापूर्वी विचारावे. ‘जेन दोब्री’ म्हणजे नमस्कार आणि ‘जेंकुये’ म्हणजे धन्यवाद. एवढे दोन शब्द आले तरी दुकानदार हसतमुखाने बोलू लागतो.

एक रिकामी थाळी

पोलिश घरातला सर्वांत मोठा सण म्हणजे नाताळची आदली संध्याकाळ. टेबलावर कापडाखाली थोडे गवत पसरतात, आकाशात पहिला तारा दिसला की सगळे जण एक पातळ वडी एकमेकांच्या हातून मोडून खातात आणि मग मांस नसलेल्या बारा पदार्थांचे जेवण होते. माणसे जितकी असतील त्याहून एक ताट जास्त मांडतात. ते असते अनाहूत पाहुण्यासाठी. ‘पाहुणा घरी आला म्हणजे देव घरी आला’ अशी पोलिश म्हण आहे. ‘अतिथी देवो भव’ म्हणणाऱ्यांना ती वेगळी समजावून सांगायची गरज नाही.

१२३ वर्षे देश गमावूनही पोलिश माणूस पोलिश राहिला, तो अशा रीतींच्या बळावर. वलिवड्यात त्या संध्याकाळी काय काय जुळवाजुळव झाली असेल, त्याची आपण कल्पनाच करायची. तिथे राय नाही, बर्फही नाही. पण पुढच्या खेपेला कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला गेलात, तर शहरातल्या महावीर उद्यानातल्या पोलिश स्मारकाकडे आवर्जून वळा. परदेशात न जाताही पोलंडची ओळख तिथूनच सुरू करता येते.