पंचेचाळीस डिग्रीतला टाय

जळगाव-धुळ्याच्या उन्हात गळ्याला फास लावून फिरणारा माणूस वेडा म्हणायचा की शहाणा?

जळगावात टाय कोण घालतं? एक मिनिट विचार करा. इंग्लिश मीडियमची पोरं घालतात, तोही इलॅस्टिकवाला, रेडीमेड गाठीचा. बोहल्यावर चढणारा नवरदेव घालतो, फोटोपुरता. कॅम्पस इंटरव्ह्यूला निघालेले एमबीएवाले घालतात. आणि चौथे, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. बस्स, यादी संपली! मे महिन्यात जिथे पारा पंचेचाळीसला टेकतो, दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, तिथे याहून मोठी यादी कुठून येणार?

माझे पप्पा चौथ्या गटातले. एमआर. जळगाव हेडक्वार्टर, एक्स-स्टेशन धुळे. म्हणजे पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर एसटीचा प्रवास, हातात सॅम्पल्सनी भरलेली बॅग आणि शर्टाच्या खिशात घडी घातलेला टाय. हो, खिशात! बसमध्ये टाय घालायचा नाही, हा त्यांचा नियम. धुळे स्टँडवर उतरलं की नळावर तोंड धुवायचं, रुमालाने मान कोरडी करायची आणि मग दुकानाच्या काचेत बघत गाठ मारायची. पारोळ्याच्या आमच्या आजीने त्यांना पहिल्यांदा या अवतारात पाहिलं तेव्हा काळजीने विचारलं होतं, ‘‘गयामा हाई काय बांधेल शे रे भाऊ?’’

आजीचा प्रश्न रास्त होता. काय बांधलंय हे, आणि का?

त्याचं मूळ थेट युरोपातल्या लढायांत आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या बाजूने लढणारे क्रोएशियन सैनिक गळ्याला रुमाल गुंडाळायचे. पॅरिसच्या दरबारी मंडळींना ती स्टाइल आवडली आणि ‘क्रोएट’वरून ‘क्रावात’ हा शब्द निघाला. आपण आज बांधतो तो लांब टाय मात्र अगदी अलीकडचा. १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ नावाच्या टेलरने एक युक्ती काढली. कापड सरळ न कापता तिरकं कापायचं आणि तीन तुकडे जोडून टाय शिवायचा. त्यामुळे टायला किंचित ताण मिळाला. गाठ सोडली की तो पुन्हा सरळ होतो, पिळा राहत नाही. आणि हा तिरका काप किती अंशांचा? पंचेचाळीस! जळगावकरांनो, हसा आता.

टाय ही पुरुषांच्या कपड्यांतली सगळ्यात निरुपयोगी वस्तू. ना थंडी वाजायची थांबते, ना घाम पुसला जातो. पण मोठमोठे ब्रँड्स याच चिंधीवर उभे राहिले. नेपल्समध्ये १९१४ साली एउजेनिओ मारिनेल्लाने उघडलेलं वीसेक चौरस मीटरचं दुकान आज जगभर टायसाठी ओळखलं जातं. राल्फ लॉरेनने १९६७ मध्ये सुरुवात केली ती सूट किंवा पोलो शर्टने नाही, टायने. कारण साधं आहे. सूट घ्यायला पैसे लागतात, पण सूटवाल्या जगाचा एक तुकडा गळ्यात अडकवायला त्या मानाने थोडेच.

आपल्याकडे ते काम केलं पार्क अव्हेन्यूने. १९८६ साली रेमंडने हा रेडीमेड ब्रँड आणला. नाव न्यूयॉर्कच्या रस्त्याचं, गिऱ्हाईक मात्र इथलं. शर्ट, ट्राउझर, ब्लेझर आणि टाय, सगळं एकाच छताखाली. पप्पांनी १९९४ मध्ये पहिल्या मोठ्या इन्सेंटिव्हमधून घेतलेला टाय याच लेबलचा. गडद मरून, त्यावर बारीक तिरक्या रेघा. त्याआधीचे टाय कंपनीने दिलेले होते. पॉलिस्टरचे, चकाकणारे, औषधाचं नाव छापलेले. ‘‘ते टाय कंपनीचे होते,’’ पप्पा म्हणतात, ‘‘हा माझा.’’

आता गंमत बघा. हे रेमंड म्हणजे आमच्यासाठी काही मुंबईचं परकं नाव नाही. १९२५ साली ठाण्यात लोकरीची गिरणी म्हणून सुरुवात झाली. १९४४ मध्ये लाला कैलासपत सिंघानियांनी ती घेतली. १९५८ मध्ये मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये ‘किंग्ज कॉर्नर’ हे पहिलं शोरूम उघडलं. आणि १९७९ मध्ये कंपनीने नवा कारखाना काढला तो चक्क जळगावात. अजिंठा रोडवरच्या एमआयडीसीत!

लोकरीचं कापड, जळगावात. म्हणजे ज्या गावात स्वेटर वर्षातून जेमतेम दोन महिने कपाटाबाहेर येतो, त्या गावात देशभरच्या नवरदेवांचं सुटिंग विणलं जाणार. मला शाळेत असताना हा विनोदच वाटायचा. पुढे कळलं, यात विनोद काहीच नाही. सुटाचं चांगलं कापड ज्या सुतापासून बनतं त्याला वर्स्टेड म्हणतात. मेरिनो मेंढीची लांब लोकर धुवायची, विंचरायची, आखूड तंतू काढून टाकायचे, उरलेले एका दिशेला सरळ करायचे आणि मग घट्ट पीळ द्यायचा. त्यातून निघणारं कापड स्वेटरसारखं जाड नसतं. पातळ असतं, हवा खेळती ठेवतं, घामाची वाफ शोषून घेतं. कोरड्या हवेत लोकरीचा धागा तुटतो, म्हणून कताई खात्यात हवेतला दमटपणा यंत्रांनी राखावा लागतो. दुकानात तुम्हाला ‘सुपर १००’ सांगतात ना, तो आकडा तंतूच्या बारीकपणाचा. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन. आकडा वाढला की तंतू बारीक होतो आणि किंमत... ती तुम्हाला माहीतच आहे.

खान्देशाला कापड नवीन नव्हतं. हा कापसाचा मुलूख. जळगावला खान्देश मिल, अमळनेरला श्रीमंत प्रताप शेठजींची प्रताप मिल, धुळ्यात न्यू प्रताप मिल. भोंग्यावर घड्याळ लावणारी पिढी अजून भेटते. स्टेशनजवळच्या खान्देश मिलच्या जागेवर आता ‘खान्देश सेंट्रल’ उभं आहे. इथल्याच फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, अध्यक्ष पंडित नेहरू. सगळा मंडप खादीचा, पांढराशुभ्र. टाय म्हणजे साहेबाची निशाणी, ती टाकायची, असा तो काळ.

पण त्याच्या पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, एका खटल्यासाठी धुळ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले. लळिंगच्या लांडोर बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. आजही दर ३१ जुलैला तिथे गर्दी लोटते. बाबासाहेबांनी सूट आणि टाय टाकला नाही. खान्देशातल्या कुठल्याही गावच्या चौकात जा, पुतळ्याच्या अंगावर निळा सूट आणि गळ्यात टाय दिसेल. ज्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या नीट कपडा घालण्याचीही मुभा नव्हती, त्यांच्यासाठी तो टाय साहेबाची नक्कल नव्हता. ‘मी तुमच्या बरोबरीने बसणार’ हे त्यात न बोलता सांगितलं होतं. एकाच खान्देशात, एकाच दशकात टाय काढून ठेवणं आणि टाय बांधणं, दोन्ही स्वाभिमानाचं असू शकतं. फॅशनच्या पुस्तकात हे लिहिलेलं नसतं.

पप्पांचा मामला इतका मोठा नव्हता. पण जातकुळी तीच. एमआरचं आयुष्य म्हणजे वाट बघणं. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसायचं, आत गेल्यावर दोन मिनिटांत चार औषधं सांगायची, डॉक्टर मान वर करतीलच असं नाही. पप्पा सांगतात, टाय असला की कंपाउंडर ‘‘साहेब, बठा ना’’ म्हणायचा. नसला की ‘‘ओ भाऊ, लाइनमा या!’’ फरक एवढाच. तीस वर्षं ते त्या एवढ्याशा फरकासाठी मान आवळून फिरले.

लहानपणी टीव्हीवर रेमंडची जाहिरात लागायची. ‘द कम्प्लीट मॅन’. मागे ती हळुवार धून. ती रॉबर्ट शुमान या जर्मन संगीतकाराच्या १८३८ सालच्या ‘ट्रॉयमराय’वर बेतलेली आहे, हे मला मास कॉमच्या वर्गात कळलं. त्या जाहिरातीतला पुरुष बाळाला कुशीत घ्यायचा, बायकोसाठी घरी थांबायचा. त्याचा सूट कधी चुरगळत नसे. आमच्या घरचा पुरुष रात्री दहाच्या एसटीने यायचा. मानेवर लाल वळ असायचा. टाय सैल करून डोक्यातून काढायचा आणि तसाच दाराच्या खुंटीला अडकवायचा. गाठ सोडायची नाही, सकाळची दोन मिनिटं वाचतात!

२०१९ मध्ये पप्पांच्या कंपनीने त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. वय एक्कावन्न, टार्गेट अपुरं. मीटिंग एका हॉटेलात झाली आणि पप्पा टाय घालून गेले. समोरचा मॅनेजर त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान होता, पोलो टी-शर्टमध्ये. त्या दिवसानंतर खुंटी रिकामी झाली. पप्पा आता मित्राच्या मेडिकल स्टोअरमध्ये हिशेब बघतात, हाफ शर्टात.

खरं तर तोवर टायचेच दिवस फिरले होते. इन्फोसिसने २०१५ मध्ये फॉर्मल्सची सक्ती सैल केली. गोल्डमन सॅक्ससारख्या सुटाबुटातल्या बँकेनेही २०१९ मध्येच ड्रेस कोड ढिला केला. हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या दादाने नोकरीच्या आठ वर्षांत एकदाही टाय बांधलेला नाही. ‘‘गुलामगिरी आहे यार ती,’’ तो म्हणतो. म्हणतो तेव्हा त्याच्या गळ्यात निळ्या पट्ट्याचं आयडी कार्ड लटकत असतं. त्याशिवाय गेट उघडत नाही. तुमच्याही गळ्यात असेलच, बघा जरा!

मग दादाचं लग्न ठरलं. मुलगी धुळ्याची, मुहूर्त अर्थातच मेचा. सासरकडून सूट पीस आला. काठावरचं नाव वाचून पप्पा नुसते हसले. अजिंठा रोडवरून येणारी शिफ्टची बस त्यांनी वर्षानुवर्षं पाहिली होती. टाय घ्यायला आम्ही तिघं दुकानात गेलो. दादाने मोबाइलवर फोटो दाखवला, मी रंग बघितला. पप्पांनी टाय उलटा केला. मागची लूप ओढून पाहिली, टाके पाहिले, आतल्या अस्तरावरून अंगठा फिरवला. चांगल्या टायच्या पोटात बरेचदा लोकर असते, बाहेर कितीही रेशीम असो. मग बारीक टोकाने धरून टाय लटकत सोडला. तो फिरला नाही, सरळ राहिला. ‘‘काप बरोबर आहे,’’ पप्पा म्हणाले. सेल्समन त्यांना लगेच ‘सर’ म्हणायला लागला.

लग्नाच्या दिवशी दादाची गाठ त्यांनीच मारली. स्वतःसाठी तो १९९४चा मरून काढला होता. हॉलमध्ये कूलर नुसता गरम हवा फेकत होता. स्टेजवरचे फोटो संपताच दादाने टाय काढून माझ्या पर्समध्ये कोंबला. पप्पांनी मात्र शेवटची पंगत उठेपर्यंत तो सैलसुद्धा केला नाही. व्याही चार वेळा म्हणाले, ‘‘अहो, काढा आता, उकडतंय!’’

‘‘असू द्या,’’ पप्पा म्हणाले, ‘‘सवय आहे.’’ आणि जिलबीचं ताट घेऊन वाढायला निघाले.