हाफ क्लच

पुण्यात बाईने दुचाकी चालवण्याचं कुणाला नवल वाटेनासं झालं, त्याला जमाना लोटला. १९७२मध्ये लूना आली, १९८४मध्ये कायनेटिक होंडा. बटण दाबलं की चालू, गिअरची भानगड नाही. पदर खोचून बायका नोकरीला जाऊ लागल्या. पण त्याच वेळी एक वाटणीही होऊन गेली: बिनगिअरची बाईची, गिअरची पुरुषाची. मी वर्षानुवर्षं स्कूटर चालवली आणि ही वाटणी मला कधी खुपलीसुद्धा नाही. पन्नाशीला टेकले तेव्हा भाचा नोकरीसाठी बंगळुरूला निघाला आणि त्याची जुनी स्प्लेंडर विकायला निघाली. म्हटलं, विकू नकोस, जायच्या आधी मला शिकव.

गिअरच्या गाडीचं लायसन्स वेगळं, म्हणून पुन्हा लर्निंग काढलं. पुढे-मागे लाल एल चिकटवला. पण पहिले काही दिवस भाच्याने इंजिन चालूच करू दिलं नाही. सोसायटीमागच्या उतारावर गाडी नुसती सोडायची आणि थांबवायची. कारण माझा डावा हात. स्कूटरवर डाव्या हाताला ब्रेक असतो, इथे क्लच. अचानक कुत्रं आडवं आलं की जुन्या सवयीची बोटं डावीच दांडी आवळणार, आणि क्लच दाबला की गाडी थांबत नाही, उलट इंजिनाच्या तावडीतून सुटून तशीच पुढे जाते. म्हणून उजवा हात आणि उजवा पाय, एवढंच घोटायचं. ‘मावशी, डावा हात मांडीवर ठेव!’ तो ओरडायचा आणि वॉचमन हसायचा.

उजव्या हाताबद्दल घराघरात एक सल्ला चालत आलेला आहे: पुढचा ब्रेक मारू नकोस, पलटी होशील. वळणावर किंवा वाळूत तो बरोबरच आहे. सरळ रस्त्यावर मात्र ब्रेक लागताच भार पुढच्या चाकावर येतो आणि गाडी आवरण्याचं बहुतेक काम तेच चाक करतं. एकदम आवळायचा नाही, दाबत न्यायचा. २०१९पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, लहान गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. आमच्या स्प्लेंडरला यातलं काहीच नाही. तिथे बोटांनाच अक्कल हवी.

मग इंजिन चालू झालं, आणि क्लच भेटला. आत तेलात बुडालेल्या चकत्या असतात, काही इंजिनाच्या बाजूच्या, काही चाकाच्या. दांडी दाबली की त्या सुटतात, सोडली की स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर आवळतात. मधे बोटभरही नसेल अशी एक जागा आहे. तिथे चकत्या घासत, घसरत थोडीच ताकद पुढे देतात. इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी जागच्या जागी किंचित पुढे झुकते. हाच हाफ क्लच. ही जागा डोळ्यांना दिसत नाही आणि प्रत्येक गाडीत निराळी असते. मी कितीतरी वेळ नुसती तिथवर जाऊन परत येत बसले होते, आणि खरं सांगते, इतकं रमायला फार दिवसांत झालं नव्हतं.

माझी समजूत होती की वेग कठीण. पण वेगात गाडी स्वतःच स्वतःला सावरते. कशामुळे, यावर शास्त्रज्ञांनी बराच काथ्याकूट केलाय. चाकांच्या गिरकीमुळे, असं सर्रास सांगितलं जायचं. २०११मध्ये काही संशोधकांनी त्या गिरकीचा परिणाम काढून टाकलेली सायकल बनवली, तर तीही कुणी न धरता तोल सांभाळत गेली. असो. हे सगळं वेग असताना. माणूस चालतो त्या गतीने जायचं तर ११० किलोच्या आसपासचं ते धूड आपल्यालाच उभं ठेवावं लागतं.

आरटीओतल्या आठाची लोक टिंगल करतात, रस्त्यावर आठ कोण काढतं म्हणून. पेठांमध्ये दुसरं काय करतो आपण? पहिला गिअर, हाफ क्लच, मागचा ब्रेक पायाने नुसता टेकवलेला, नजर चाकाकडे नाही तर वळण जिथे संपतं तिथे. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक ओढला की गाडी आडवी. माझी तक्रार आहे ती वेगळी: त्या परीक्षेत वेगातून गाडी नीट थांबवायला लावतील असं कुणी मला सांगितलेलं नाही, आणि जीव वाचतो तो त्यानेच.

पेट्रोल पंपावरचा पोरगा अजून माझ्या मागे बघतो, गाडीचा मालक कुठे राहिला म्हणून. सोसायटीतले काका कोपऱ्यावर उभं राहून ‘तिसरा टाका, तिसरा’ करतात.

पुढच्या आठवड्यात परीक्षा आहे. आठ येतो. धास्ती आहे ती उन्हात, रांगेत, ते धूड इंच इंच ढकलत नेण्याची. भाच्याला फोनवर सांगितलं, तर म्हणाला, ‘ढकलतेस कशाला? पहिला टाक, हाफ क्लचवर ठेव आणि शेजारून चालत जा. ती येते बरोबर.’