एका काचेच्या दोन शिक्षा

सातवीत असताना मी वर्गाची काच फोडली. बॅट माझी, फटका माझा, त्यामुळे नाकारायला जागाच नव्हती. सरांनी दोन छड्या दिल्या. संध्याकाळी बातमी घरी पोचली आणि बाबांनी माझी बॅट महिनाभरासाठी माळ्यावर टाकली. मी रडत म्हटलं, "पण सरांनी मारलंय की!" बाबा म्हणाले, "सरांनी शाळेचं बघितलं. मी घराचं बघतोय."

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. त्यासाठी युरोपातला स्पर्धा कायदा वाचावा लागला.

मास्टर्सला असताना बेल्जियमच्या बीपोस्ट या टपाल कंपनीचा खटला अभ्यासाला होता. गठ्ठ्यानं टपाल पाठवणाऱ्यांना ही कंपनी सवलत द्यायची. २०१० पासून तिनं पद्धत बदलली. एखादा मध्यस्थ दहा ग्राहकांची पत्रं एकत्र आणत असला, तरी सवलत एकूण गठ्ठ्यावर नाही, प्रत्येक ग्राहकाच्या पत्रांवर वेगवेगळी मोजायची. टपाल नियामकानं याला भेदभाव म्हटलं आणि जुलै २०११ मध्ये २३ लाख युरो दंड केला. डिसेंबर २०१२ मध्ये स्पर्धा प्राधिकरणानं त्याच सवलतींना बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर ठरवलं. दंड सुमारे ३ कोटी ७४ लाख युरो. पुढे २०१६ मध्ये ब्रसेल्सच्या कोर्टानं पहिला दंड रद्द केला, कारण भेदभाव झालाच नव्हता. दुसऱ्या दंडाचा वाद मात्र सुरूच राहिला.

युरोपियन युनियनच्या मूलभूत हक्कांच्या सनदेचं कलम ५० सांगतं की, एका गुन्ह्यात अंतिमतः दोषी किंवा निर्दोष ठरलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला नाही, शिक्षाही नाही. प्रश्न असतो 'त्याच' म्हणजे काय? स्पर्धा कायद्यात बरीच वर्षं तीन गोष्टी जुळाव्या लागत: आरोपी तोच, कृत्य तेच आणि कायदा ज्या हिताचं रक्षण करतो तेही तेच. ही तिसरी अट म्हणजे थेट बाबांचा युक्तिवाद.

२२ मार्च २०२२ रोजी लक्झेंबर्गच्या न्यायालयानं बीपोस्टच्या खटल्यात ती अट काढून टाकली. आरोपी तोच आणि कृत्य तेच, एवढं पुरे. वाचताना मी मनातल्या मनात बाबांना हरवलं.

मग पुढचे परिच्छेद वाचले. दुसरी कारवाई तरीही चालू शकते, फक्त दोन्ही कायद्यांचे हेतू वेगळे हवेत, असं होऊ शकतं हे नियमांतून आधी कळायला हवं, दोन्ही यंत्रणांनी एकमेकांशी बोलून, फार अंतर न ठेवता काम करावं आणि एकूण शिक्षा गुन्ह्याच्या मानानं असावी. पुढच्या दारानं घालवलेलं 'वेगळं हित' मागच्या दारानं आत आलं होतं.

न्यायालयाची अडचण मला कळते. लहान दंडानं मोठ्या कारवाईचं दार कायमचं बंद होत असेल, तर प्रत्येक कंपनी आधी लहान दंड भरायला धावेल. एका कृत्यानं दोन वेगळी नुकसानं होऊ शकतात, हेही खरं.

पण यंत्रणा एकमेकींशी नीट बोलल्या की नाही, हे बहुतेकदा नंतरच ठरतं. तोवर आरोपी टांगलेलाच. २०१० च्या सवलतींवर २०२२ मध्येही वाद चालू होता. शिक्षा मापात ठेवणं वेगळं आणि पुन्हा कोर्टात ओढलं न जाण्याची खात्री वेगळी. कलम ५० ही दुसरी गोष्ट देतं, असं मला वाटायचं.

मागच्या दिवाळीत हे सगळं बाबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे मी आधी सरांना फोन करायला हवा होता, एवढंच ना?"

न्यायालयाचं म्हणणं साधारण तेवढंच आहे. मला मात्र अजूनही वाटतं की, छड्या खाऊन घरी येताना प्रकरण संपलंय हे मला माहीत असायला हवं होतं.