हिशोबाचं पान कोणाला वाचता येते?



रोवणी आटोपली, थोडी सवड आहे. आज धानावर नाही, हिशोबावर लिहितो.

आमचा बारा घरांचा गट आहे. मळणी यंत्र सामाईक, आणि धान एकत्र भरडून तांदूळ विकतो. मागच्या हंगामात दोन घरं गटातून निघायच्या गोष्टी करत होती. भांडण पैशाचं नव्हतं. यंत्र कोणाकडे किती तास चाललं हे वहीत होतं, पण वही एकाच घरी. बाकीच्यांनी सांगितलं ते खरं मानायचं. असं फार दिवस चालत नाही. म्हणून हिशोब संगणकावर घ्यायचं ठरलं आणि कशात ठेवायचा हे पाहायचं काम माझ्याकडे आलं.

आमच्या हिशोबाचे आकार तीन. मजुरांची हजेरी म्हणजे महिन्याचे एकतीस बारीक रकाने. यंत्राचे तास म्हणजे चारच रकाने. तांदूळ विक्रीत नाव, गाव, पोते, बाकी असे रुंद रकाने. हे तिन्ही एका पानावर दिसावे, हीच गटाची मागणी.

एक्सेलमध्ये रकाना वरपासून खालपर्यंत एकाच रुंदीचा. खाली नावासाठी रुंद केला की वर हजेरीचं घर फुगते. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मिळतात, आपल्याला लागतात चाळीस-पन्नास. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर बिनानेटचं चालते, पण रुंदीची अडचण तीच. नागपूरला भाच्याकडे अॅपलचं नंबर्स पाहिलं. तिथं कोरं पान मिळते, त्यावर पाहिजे तिथं वेगवेगळे तक्ते मांडा, प्रत्येकाचे रकाने वेगळे. दिसायला सगळ्यात छान. पण आमच्या बाराही घरी अँड्रॉइड फोन. ब्राउझरमधून उघडता येते, मात्र नेट पाहिजे, आणि आमच्याकडे वारा सुटला की नेट जाते.

शेवटी गूगल शीट्स घेतलं. फुकट आहे, फोनवर चालते. फाइल ऑफलाइन करून ठेवली तर बांधावर बसून तास लिहिता येतात, नेट आलं की आपोआप चढतात. लिहायची परवानगी तिघांना, पाहायची सगळ्यांना. कोणी कधी काय बदललं ते त्या तिघांपैकी कोणीही उघडून दाखवू शकते.

मांडणीचं असं जमवलं. तीन हिशोब तीन वेगळ्या शीटवर. चौथं दर्शनी पान. त्यावरचे सगळे रकाने सारखे बारीक केले, आलेखाच्या कागदासारखे, आणि पाहिजे तेवढी घरं जोडून तक्ते मांडले. बेरजा सूत्रानं आपोआप येतात. एक ध्यानात ठेवा, घरं जोडायची ती दर्शनी पानावरच. नोंदीच्या शीटमध्ये जोडली तर नावं क्रमानं लावताना अडते. बाकी असली की घर लाल होते, चुकती झाली की हिरवं. आमच्या गटातल्या दोन म्हाताऱ्या बायांना वाचता येत नाही, पण स्वतःची ओळ कितवी आणि रंग कोणता, हे त्या बरोबर सांगतात. महिन्याला त्याच पानाची छापील प्रत समाजमंदिरात लावतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, 2011 पासून ग्रामसभा बांबू विकू लागली. तिथं निर्णय सर्वसहमतीनं होतात. मला वाटते, सहमती पाहिजे असेल तर आकडे आधी सगळ्यांसमोर पाहिजेत. बारा घरांनाही तेच लागू.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना त्यात काय काय होते हे मागून पाहा. ते पान शेवटी कोणाच्या हातात, कोणत्या फोनवर उघडणार, हे आधी पाहा. ती दोन्ही घरं सध्या गटात आहेत. खरी परीक्षा दिवाळीनंतर मळणीतच होईल, तेव्हा लिहीनच.

तुमच्या गटाचा हिशोब कशात आहे? वहीत असला तरी सांगा, मांडणीचा फोटो टाका.