अल्कोला बफर लावताना

डिझेल इंजिनाचं मॉडेल खोक्यातून तयार निघतं. पण ठरावीक एका इंजिनाचं मॉडेल हवं असेल, तर शेड, साल आणि ऋतू आधी ठरवायला लागतो. माझ्या टेबलावर सध्या कल्याण शेडचं डब्ल्यूडीएम-३ए आहे. तेही २०१२च्या मे महिन्यातलं, दादर–रत्नागिरी पॅसेंजर घेऊन आमच्या कुवारबावातल्या रत्नागिरी स्टेशनात शिरणारं. त्याच वर्षीच्या जुलैतलं तेच इंजिन मला चालणार नाही.

पाया म्हणून घेतलंय ते अमेरिकन ॲटलस कंपनीचं आरएसडी-१२, म्हणजे १:८७ प्रमाणातलं तयार मॉडेल. निवड आंधळी नाही. खरं आरएसडी-१२ अल्को या अमेरिकन कंपनीने १९५६ ते १९६३ या काळात बांधलं. त्याच कंपनीची डब्ल्यूडीएम-२ इंजिनं १९६२पासून भारतात आली आणि १९६४पासून वाराणसीच्या कारखान्यात घडू लागली. अल्को १९६९ला बंद पडली, पण वाराणसीत पुढे कित्येक दशकं तिचंच घराणं वाढत राहिलं. डब्ल्यूडीएम-३ए त्यातलंच, ताकद वाढवून ३१०० अश्वशक्तीवर नेलेलं. त्यामुळे मॉडेलच्या बोग्यांना मला हात लावावा लागत नाही. तीन ॲक्सलची, असमान अंतरांची ती ट्रायमाउंट बोगी दोघांचीही एकच. लांब हूडच्या टोकाला रेडिएटरचा एकच मोठा पंखा, तोही सारखा. बोगी नव्याने करायची म्हणजे महिने गेले असते, आणि चाकं सरळ धावली नसती ते वेगळंच.

तोंड मात्र पूर्ण बदलावं लागतं. अमेरिकन इंजिनाला बफर नसतात. पुढचा पायऱ्यांचा भाग कापून काढायचा, तिथे स्टायरीनच्या पट्टीची सपाट आडवी तुळई बसवायची, मधे कपलिंगला जागा ठेवायची, बाजूंना होसपाइप आणि खाली कॅटल गार्ड. बफर मी पितळी नळी आणि सपाट डोक्याच्या खिळ्यांतून करतो. दोन्हींची उंची केसभर चुकली तरी इंजिन डोळा बारीक करून बघतंय असं वाटतं, म्हणून चिकटवण्याआधी काचेवर उभं करून मोजतो. तयार बफरांना आणखी एक खोड असते. रुळांचं वळण जरा अरुंद असलं की ते शेजारच्या डब्याच्या बफरात अडकतात आणि डबा रुळावरून उतरतो. मॉडेलवाले म्हणून बफर थोडे आखूड ठेवतात. मी पूर्ण लांबीचे ठेवतो आणि वळणच मोठं करतो.

आखूड हूडच्या बाजूला डायनॅमिक ब्रेकच्या रेझिस्टन्स ग्रिडची जाळी असते. अमेरिकन मॉडेलवर ती तशी नाही. चाकूने रेषा ओढून केलेली जाळी जवळून खोटी दिसते, त्यामुळे पातळ धातूची जाळी कापून खाचेत बसवलेली बरी. हँडरेल बारीक तारेचे. खोक्यातले प्लास्टिकचे हँडरेल मी पहिल्याच दिवशी काढून टाकतो.

रुळांमधल्या अंतरावर मात्र तडजोड आहे, आणि ती मी मुकाट्याने केली. भारतातला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे १:८७ला तो १९ मिलिमीटरहून थोडा जास्त भरतो. बाजारात मिळणारा रूळ १६.५ मिलिमीटरचा, तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ला जुळणारा. चाकं रुंद करायची तर सगळा रूळ हाताने घालावा लागतो. तसं करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण बाजूने पाहताना ते तीन मिलिमीटर कुणाला दिसत नाहीत, आणि मी इंजिन बाजूनेच पाहतो.

आता ऋतूकडे येतो. मेअखेरपर्यंत कोकणातल्या इंजिनाच्या बोग्यांवर, पायऱ्यांवर, तुळईवर जांभ्याची तांबूस धूळ बसलेली असते. पाऊस सुरू झाला की ती धुऊन जाते आणि छतावरून ओघळलेली काजळी उरते. मला धूळच हवी होती. जांभ्याचा तुकडा कुटून, कापडातून गाळून बोग्यांवर लावून पाहिला, तर तो रंग जरुरीपेक्षा गडद आणि दाणा दगडासारखा वाटला. खरी वस्तू लहान प्रमाणात नेली की रंग फिका करावा लागतो. दूरची धूळ हवेतून पाहिल्यासारखी दिसली पाहिजे. म्हणून आता जांभ्याची पूड फक्त शेजारी ठेवून रंग जुळवतो आणि वापरतो ती खडूची भुकटी, पिवळसर तपकिरी रंगात मिसळलेली.

रंगकाम आमच्याकडे पावसात होतच नाही. जुलैत एअरब्रशने लॅकर मारलं तर हवेतल्या दमटपणाने रंगावर पांढुरकी साय धरते. त्यामुळे पावसाळा कापायचा, घासायचा, चिकटवायचा. हिवाळा रंगवायचा. खालचा गडद निळा आणि वरचा क्रीम जिथे मिळतात, तिथली रेष मास्किंग टेपच्या कडेला आधी क्रीमचाच पातळ हात मारून बंद केली की निळा आत झिरपत नाही.

नंबरांचा प्रश्न सगळ्यांत हट्टी. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते, आणि अक्षरं तर पांढरी. गाड्यांचे नंबर कापून देणाऱ्या रेडियमवाल्याकडे गेलो, त्याने दोन मिलिमीटरचे आकडे ऐकून मशीनकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. शेवटी पांढऱ्या पाठीच्या डेकल कागदावर आजूबाजूचा निळा छापला, अक्षरांपुरता कागद कोरा सोडला. निळा अंगाच्या निळ्याशी जुळेपर्यंत बरेच कागद गेले.

आवाजासाठी डिकोडर बसवला. आरएसडी-१२चं इंजिन १२ सिलिंडरचं, डब्ल्यूडीएमचं १६ सिलिंडरचं, दोन्ही २५१ मालिकेचीच. म्हणून १६ सिलिंडरच्या अमेरिकन अल्कोच्या आवाजाची फाईल निवडली. आजही कानांना ते पटतं. २० जून २०२२ला कोकण रेल्वेचं विद्युतीकरण राष्ट्राला अर्पण झालं, त्यानंतर खरी अल्को आमच्याकडे ऐकायला मिळणं दुर्मीळच. आता फोटो, जुने व्हिडिओ आणि ज्यांनी ती चालवली त्यांच्या आठवणी, एवढाच आधार.

त्यातले एक शेजारी आहेत, निवृत्त लोको पायलट. मॉडेल हातात घेऊन त्यांनी बफर पाहिले, जाळी पाहिली, धुळीवर नाक मुरडलं आणि मग कॅबच्या खिडकीतून आत डोळा लावला.

“कंट्रोल स्टँड एकच दिसतोय, रे.”

“अमेरिकन मॉडेलला एकच असतो, काका.”

“आमच्यात दोन. लाँग हूड पुढे करून चालवायचं झालं तर मी बसायचं कुठं?”

दुसऱ्या स्टँडसाठी छत काढायचं ठरलंय. ते चिकटवलेलं आहे, आणि कडेची निळी-क्रीम रेष पुन्हा रंगवायची म्हणजे आता हिवाळ्याची वाट पाहणं आलं.